हीर, शाडू आणि शून्याजवळचे दीड सेंटिमीटर

१२ सप्टेंबर २०२५, शुक्रवार

विषय आज ठरला. दोन चलांच्या फंक्शनची सीमा आणि सांतत्य. बिंदूच्या जवळ जाताना फंक्शन ज्या एका किमतीकडे जातं ती सीमा, आणि ती बिंदूवरच्या किमतीशी जुळली की सांतत्य. वर्गातले बाकीचे स्लाइड्स करणार आहेत. मी मॅडमना म्हटलं, मी हाताला लागतील असे नमुने करते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कशाचे?" मी म्हटलं, ज्यांना सीमा नसते अशा फंक्शनांचे. बोलून गेले आणि एसटीत बसल्यावर लक्षात आलं, नसलेल्या गोष्टीचा नमुना कसा करतात ते मला ठाऊक नाही.

खरं कारण एवढं थोर नाहीच. आंजर्ल्यात आमच्या घरी नेटवर्क आगराच्या टोकाला, विहिरीपाशी उभं राहिलं तरच येतं. पडवीत मात्र नानांची गणपतीची शाळा आहे, म्हणजे मूर्ती घडवायची जागा. गणपती होऊन गेलेत, अर्धं पोतं शाडू उरलाय, आणि माडाच्या झावळ्यांना तोटा नाही. जे घरात आहे त्यात भागवायचं.

मॅडम निघताना म्हणाल्या, "मुर्डीला खेटून राहतेस, आणि लिमिटला काय घाबरतेस?" रँग्लर परांजपे मुर्डीचे. १८७६ चा जन्म, १८९९ साली केंब्रिजला सीनिअर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले. हे आम्हांला पहिलीपासून ऐकवतात. अजून तरी त्याने माझं एकही गणित सुटलेलं नाही.

वहीची सोय: कॉलेजात इंग्रजी अक्षरं असतात, इथे आजोबांच्या जुन्या पुस्तकासारखं क्ष आणि य लिहिणार. दोघं शेजारी आले की क्षय होतो, म्हणून मध्ये टिंब देणार.

१४ सप्टेंबर, रविवार

एका चलाच्या सीमेत वाटा दोनच. डावीकडून या नाहीतर उजवीकडून. दोन्हीकडून एकच किंमत आली की संपलं. दोन चल झाले की आपण रेषेवरून प्रतलावर येतो आणि बिंदूपाशी पोचायच्या वाटा मोजता येईनाशा होतात. सरळ, वाकड्या, गोगलगायीसारख्या गोल गोल. पुस्तक हे एका ओळीत सांगतं आणि पुढे जातं. माझा सगळा प्रकल्प त्या एका ओळीत आहे असं दिसतंय.

पहिलं फंक्शन घेतलं: फ(क्ष, य) = २·क्ष·य / (क्ष² + य²). आरंभबिंदूला, म्हणजे क्ष आणि य दोन्ही शून्य असतात तिथे, वर शून्य, खाली शून्य, म्हणून तिथे किंमतच नाही. जवळ जाऊन काय होतं ते बघायचं. क्ष-अक्षावरून आलं तर य शून्य, किंमत सगळीकडे ०. य-अक्षावरूनही ०. य = क्ष या रेषेवरून आलं तर वर २क्ष², खालीही २क्ष², किंमत सगळीकडे १. दुसऱ्या तिरप्या रेषेवरून, य = −क्ष, तर −१. दोन वाटांवर दोन उत्तरं मिळाली की सीमा नाही. परीक्षेत एवढं लिहून गुण मिळतात.

नमुन्यात मिळत नाहीत, कारण मधल्या सगळ्या दिशाही बांधाव्या लागतात. मग ध्रुवीय निर्देशक घेतले. अंतर र, कोन थीटा. क्ष = र·कोस थीटा, य = र·साइन थीटा. वर-खाली र² कटला आणि उरलं नुसतं साइन २थीटा. र गायबच! म्हणजे एका दिशेने कितीही जवळ जा, कितीही लांब जा, उंची तीच. प्रत्येक दिशेला एक आडवी सरळ काडी, आणि दिशा बदलली की काडीची उंची बदलते.

सरळ काडी म्हणजे हीर. आजीच्या खराट्यातून अठरा हीर काढून घेतले, सांगून.

१६ सप्टेंबर, मंगळवार

मधला दांडा बांबूचा घेतला होता. पाच भोकं पडली, सहाव्याला उभा चिरला. दुसरा घेतला, तो चौथ्यालाच. बांबूला आडवी भोकं एकाखाली एक पाडली की तो धाग्याधाग्याने सुटतो, हे नानांनी आधीच सांगितलं होतं, पण चहा पिता पिता सांगितलेलं मी धरत नाही.

शेवटी वायरिंगचा उरलेला प्लॅस्टिकचा पाइप घेतला. दाभण चुलीत तापवून भोकं पाडली. वास वाईट येतो, भोक मात्र छान गोल पडतं.

मापं: १ म्हणजे १० सेंटिमीटर. पाइपाच्या मध्यावर शून्याची खूण, तिच्या वर दहा, खाली दहा. दर १० अंशांना एक हीर, आरपार. पलीकडच्या बाजूला कोन १८० ने वाढतो, साइन २थीटा तेवढीच राहते, म्हणून एक हीर दोन दिशांचं काम करतो. उंच्या आल्या ०, ३.४, ६.४, ८.७, ९.८ आणि तेवढ्याच खाली. अठरा हिरांना नऊच उंच्या, कारण १० अंशांचा आणि ८० अंशांचा हीर एकाच उंचीवर येतात, २० चा आणि ७० चा, तसंच पुढे. एकाच ठिकाणी दोन हीर कसे घालायचे? एकाला दुसऱ्याच्या डोक्यावरून नेला. तेवढी दोन मिलिमीटरची चूक नमुन्यात आहे, सांगून ठेवते.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

झाला. खाली प्लायवूड, मध्ये पाइप, त्यातून निघालेले अठरा हीर. वरून पाहिलं तर साधं चाक. बाजूने पाहिलं की पंख्यासारखं चढतं-उतरतं, एका फेरीत दोनदा वर, दोनदा खाली. मॅडमना फोटो पाठवला (विहिरीपाशी जाऊन). त्यांचं उत्तर: "हा प्लुकरचा कोनॉइड. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला जर्मनीत असे नमुने प्लॅस्टरचे आणि दोऱ्यांचे विकत मिळायचे, विद्यापीठं घ्यायची." म्हणजे मी नवीन काही केलं नाही. खराट्यातून केला तेवढाच फरक.

धाकटी नववीत आहे. तिने बोट एका हिरावरून सरकवत पाइपापर्यंत नेलं, मग दुसऱ्यावरून, मग तिसऱ्यावरून. प्रत्येक वेळी बोट वेगळ्या उंचीवर टेकलं. मग विचारलं, "आणि पाइपाच्या आत?"

आत काहीच नाही. पाइप बारीक केला, दाभणाएवढा केला, सुईएवढा केला, तरी हीर त्याला वेगवेगळ्या उंचीवरच येऊन टेकणार. उणे दहापासून अधिक दहापर्यंतच्या सगळ्या उंच्या त्या एका बिंदूवर दावा सांगतात. तिथे तुम्ही फंक्शनला ० किंमत द्या, अर्धा द्या, काहीही द्या, जोड बसणार नाही. पाइप म्हणजे आमची लाज झाकायची जागा.

अजून एक मिळालं. पुस्तकात पुढचं गणित (क्ष² − य²) / (क्ष² + य²) आहे. क्ष-अक्षावरून १, य-अक्षावरून −१. आधी क्ष शून्याकडे नेला की एक उत्तर, आधी य नेला की दुसरं. वेगळं फंक्शन समजून मी वेगळा पाइप शोधत होते. ते निघालं कोस २थीटा, म्हणजे हाच नमुना ४५ अंशांनी फिरवलेला. प्लायवूड फिरवलं, झालं. गंमत अशी की फिरवायच्या आधी दोन्ही क्रमांनी उत्तर शून्यच येत होतं, आणि तरीही सीमा नव्हती. एकेक चल पाळीपाळीने शून्यावर नेणं आणि दोघांना एकदम नेणं, ही दोन निराळी कामं आहेत.

२१ सप्टेंबर, रविवार

दुसरं फंक्शन: क्ष²·य / (क्ष⁴ + य²). इथे मी तोंडावर पडले, म्हणून सविस्तर.

अक्षांवरून ०. मग एकदम सगळ्या सरळ रेषा घेतल्या, य = म·क्ष. सोडवलं की म·क्ष / (क्ष² + म²) उरतं. क्ष शून्याकडे गेला की वरचं शून्य होतं, खाली म² राहतो. उत्तर ०, म कुठलाही असो. खात्रीसाठी ध्रुवीय निर्देशकही घेतले: र·कोस²थीटा·साइन थीटा / (र²·कोस⁴थीटा + साइन²थीटा). थीटा धरून ठेवला, र शून्यावर नेला, उत्तर ०. खाली दोन रेघा ओढून लिहिलं, "सीमा ० आहे." वहीचा फोटो पाठवला.

मॅडमनी दोन रेघांवर लाल काट मारली आणि शेजारी एवढंच लिहिलं: "य = क्ष² वरून ये."

आले. क्ष = ०.१, य = ०.०१. वर ०.०१ गुणिले ०.०१, म्हणजे ०.०००१. खाली ०.०००१ अधिक ०.०००१, म्हणजे ०.०००२. उत्तर अर्धा. क्ष = ०.०१ घेतला, पुन्हा अर्धा. या अन्वस्तावर, म्हणजे पॅराबोलावर, कुठेही उभं राहा, अर्धाच. य = २क्ष² वरून ०.४, य = ३क्ष² वरून ०.३.

सगळ्या सरळ रेषा एकमुखाने शून्य सांगतात आणि सगळ्या मिळून फसवतात. आणि ध्रुवीयमध्ये मी नवीन काहीच केलं नव्हतं. थीटा धरून ठेवणं म्हणजे पुन्हा सरळ रेषेवरूनच चालणं, फक्त पोशाख बदलून.

रात्री मोबाइलवरच्या ॲपमध्ये आलेख काढून बघितला. आरंभबिंदूपाशी करवतीचे दाते दिसतात. ॲप चौकटीचौकटीने ठरावीक बिंदू घेतं आणि ते जोडतं. मधे काय चाललंय ते त्याला दिसत नाही. दाते फंक्शनचे नाहीत, चौकटीचे आहेत. तेव्हा इथे मातीच.

२४ सप्टेंबर, बुधवार

शाडू दोन दिवस भिजत घातला होता, आज तुडवला. हिरांनी हे होणार नाही, कारण सरळ रेषेवर उंची एकसारखी राहत नाही.

य धन असलेला अर्धा भागच करायचा ठरवलं. दुसरा अर्धा त्याचाच उलटा, खाली खड्डे. पाट ३० बाय १५ सेंटिमीटर, १ म्हणजे १५ सेंटिमीटर. उंची मात्र ताणली: अर्धा म्हणजे ६ सेंटिमीटर. पुठ्ठ्याचे साचे कापले, क्षच्या वेगवेगळ्या किमतींसाठी, दीड-दीड सेंटिमीटरवर. आकार असा येतो की पाटाच्या पुढच्या कडेला उंची शून्य, मधोमध उभ्या रेषेवर शून्य, आणि दोन बाजूंना दोन धारा, अन्वस्तावरून वळत आरंभबिंदूकडे येणाऱ्या. धारेचा माथा सगळीकडे सहा सेंटिमीटर, एक सूतही कमी नाही.

नाना कोरणी घेऊन बसले. गणपतीच्या सोंडेला सफाई देणारा हात, त्यामुळे बाहेरचा भाग तासाभरात झाला. आत येऊ लागल्यावर त्यांचा हात थांबला. मधल्या रेषेपासून ३ सेंटिमीटरवर धार पाटाच्या कडेपासून ६ मिलिमीटर आत आहे, उंची ६ सेंटिमीटर. दीड सेंटिमीटरवर आल्यावर धार कडेपासून दीड मिलिमीटर. उंची तीच.

"काय गो, ह्याला बूड कुठाय?" नाना म्हणाले. "दीड मिलिमीटरात सहा सेंटिमीटर चढायचं. माती ती, उभी राहील कशी?"

मी म्हटलं, अजून आत तर ह्याहून वाईट आहे.

"किती आत?"

"शेवटपर्यंत."

त्यांनी कोरणी पाण्याच्या डब्यात टाकली आणि तंबाखू मळायला घेतली.

संध्याकाळी पुढची भिंत कोसळली. नाना म्हणाले तशीच, मधोमध.

२८ सप्टेंबर, रविवार

कोसळलेला तुकडा फेकून द्यायचा नव्हता. त्यावरून आज सगळ्यात जास्त कळलं, म्हणून ही नोंद लांबेल.

ओला कपडा टाकून ठेवला होता, त्यामुळे माती अजून तारेने कापण्यासारखी होती. कोपरे कापतो तशी तार ताणून मी आरंभबिंदूतून सरळ काप दिले. पहिला काप य = क्ष. काप बाजूला केला की त्याच्या उभ्या अंगावर त्या सरळ वाटेचा चढउतार दिसतो. कडेपासून आरंभबिंदूकडे येताना उतार लागतो आणि शून्यावर येऊन टेकतो. बरोबर, रेषेवरून सीमा ० हे कागदावर आलं होतंच.

दुसरा काप य = क्ष/२. इथे बाहेरून आत येताना आधी चढ लागतो. क्ष साडेसात सेंटिमीटर उरला असताना सहाच्या माथ्यावर पोचतो आणि तिथून खाली उतरतो. तिसरा काप य = क्ष/५. माथा ३ सेंटिमीटरवर. चौथा य = क्ष/१०. माथा दीड सेंटिमीटरवर असायला हवा होता, पण ती जागा आधीच पडली होती.

प्रत्येक वाट उतरते, मान्य. पण केव्हा? जितकी वाट क्ष-अक्षाला चिकटून, तितका उतार उशिरा. मी आकडे काढले. समजा उंची १ सेंटिमीटरच्या खाली आणायची आहे. य = क्ष या वाटेवर आरंभबिंदूच्या सव्वा सेंटिमीटर आत आलं की झालं. य = क्ष/५ वर अडीच मिलिमीटर आत यावं लागतं. य = क्ष/१० वर सव्वा मिलिमीटर. य = क्ष/१०० वर मिलिमीटरच्या आठव्या भागात. प्रत्येकीला तिचं तिचं अंतर आहे, आणि सगळ्यांना पुरेल असं एक अंतर मागितलं तर ते नाही.

सीमेची एप्सिलॉन-डेल्टाची व्याख्या मी दोन वर्षं पाठ म्हणतेय. दिलेल्या प्रत्येक धन एप्सिलॉनसाठी असा एक धन डेल्टा असतो की आरंभबिंदूपासून डेल्टाहून कमी अंतरावरच्या प्रत्येक बिंदूला, आरंभबिंदू सोडून, फंक्शनची किंमत सीमेपासून एप्सिलॉनहून कमी फरकाने असते. त्यात "वाट" हा शब्दच नाही. दिशेचं नाव नाही. अंतर तेवढं विचारलंय. डेल्टा एकच, आणि तो चारी बाजूंच्या सगळ्या बिंदूंना लागू. मी इतके दिवस ही व्याख्या "प्रत्येक दिशेने तपासा" अशी वाचत होते, आणि ती तशी नव्हतीच. दिशेदिशेने तपासणी सीमा नाही एवढं सिद्ध करायला उपयोगी. आहे म्हणायला सगळ्या सरळ रेषा तपासल्या तरी अपुऱ्या.

आईने विचारलं, एवढा कापून का टाकलास, चांगला डोंगर झाला होता.

३० सप्टेंबर, मंगळवार

परवा दसरा. थोडंच काम.

धाकटीचं भूगोलाचं पुस्तक मध्ये आलं. तिला समोच्च रेषा आहेत. कापलेल्या मातीवर मी सारख्या उंचीच्या जागा जोडत खडूने रेषा काढत होते: ६ सेंटिमीटरची रेषा य = क्ष² वरून, ४.८ ची य = २क्ष² वरून, ३.६ ची य = ३क्ष² वरून. सगळ्या अन्वस्त, आणि सगळ्या आरंभबिंदूकडे निघालेल्या. ती म्हणाली, "वेगवेगळ्या उंचीच्या समोच्च रेषा एकमेकींना छेदत नाहीत. बाईंनी सांगितलंय."

मग ह्या कुठे चालल्यात?

तिने थोडा विचार करून सांगितलं, "कड्यावर एकमेकींना चिकटतात." बरोबर. आमचा गणपती कड्यावरचा, तिला कडा शिकवायला नको. नकाशात कडा असतो तिथे रेषा एकीला एक लागून येतात. पण तिथे त्या कड्याच्या लांबीभर पसरलेल्या असतात. इथे सगळ्या रेषांना मिळून एकच बिंदू आहे. हिरांच्या नमुन्यातही तेच: हीर म्हणजेच समोच्च रेषा, आणि सगळे एकाच पाइपावर. तपासणीची ही पद्धत मला सगळ्यात आवडली. दोन वेगळ्या उंचीच्या समोच्च रेषा एकाच बिंदूकडे निघालेल्या दिसल्या की तिथे सीमा शोधत बसायचं नाही. बाईंचा नियम संतत जमिनीचा आहे.

३ ते ९ ऑक्टोबर

हळवं भात कापायला आलं. नोंद नाही.

फक्त एक: ६ तारखेला पेंढ्या बांधता बांधता मनात तीन चलांचं क्ष·य·झ / (क्ष² + य² + झ²) सोडवलं. सीमा ०. वरचे तिन्ही अवयव अंतर रपेक्षा मोठे होऊ शकत नाहीत, म्हणजे वर जास्तीत जास्त र³, खाली र², उरला र. नमुना करायला चौथी मिती लागेल, ती आमच्या पडवीत नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

मॅडमचं म्हणणं, नुसती बिघडलेली उदाहरणं ठेवलीस तर बघणाऱ्याला वाटेल सीमा कधी नसतेच. एक चांगलं ठेव. बेरीज, गुणाकार, भागाकार यांचे नियम आणि बहुपदी सगळीकडे संतत असते हे सगळं फलकावर एका परिच्छेदात उरकलं. ते कुणी वाचणार नाही.

चांगलं म्हणून घेतलं क्ष²·य / (क्ष² + य²). दिसायला आधीच्याचंच भावंड, खाली क्ष⁴ च्या जागी क्ष², एवढाच फरक. ध्रुवीयमध्ये र·कोस²थीटा·साइन थीटा. एका दिशेने चाललं की उंची अंतराच्या पटीत वाढते, म्हणजे पुन्हा सरळ काडी, पण तिरपी, आणि प्रत्येक काडी आरंभबिंदूतून जाणारी. परत हीर! आजीने ह्या वेळी नुसतं बघितलं.

पुठ्ठ्याचं गोल कडं केलं, २० सेंटिमीटर त्रिज्येचं, वरची कड लाटेसारखी कापलेली. दर १० अंशांना खाच. ३० आणि ४० अंशांवर उंची साडेसात, ६० वर ४.३, ९० वर शून्य. मधोमध शाडूची गोळी, तिच्यात चहूकडून छत्तीस अर्धे हीर खोचायचे. सुपारीएवढ्या गोळीत बारा हीर बसले आणि ती फुटली. लिंबाएवढीत छत्तीसही बसले. दिसतं साळिंदर.

पण पाइपाची गोष्ट इथे उलटी होते. गोळी ही सुद्धा लाज झाकायचीच जागा, फक्त इथे झाकण्यासारखं काही नाही. गोळी लहान केली की हिरांची टोकं एकमेकांच्या जवळ येतात, आणि किती जवळ ते आधी सांगता येतं. क्ष² / (क्ष² + य²) हा भाग कधीच १ च्या वर जात नाही, म्हणून उंची यपेक्षा जास्त नाही, आणि य अंतरापेक्षा जास्त नाही. उंची १ सेंटिमीटरच्या आत हवी? आरंभबिंदूपासून १ सेंटिमीटरच्या आत राहा. १ मिलिमीटर हवी? १ मिलिमीटर. छत्तीस हिरांना आणि त्यांच्या मधल्या न बांधलेल्या सगळ्या दिशांना एकच आकडा, अन्वस्तावरून आलात तरी तोच. खरं तर १ सेंटिमीटरसाठी अडीच सेंटिमीटरही चालतात, कारण सगळ्यात उभा हीरसुद्धा ०.३८५ च्या चढाचा आहे. पण पुरावा लिहिताना काटकसर करत नाहीत.

आरंभबिंदूला किंमत ० द्यायची, की फंक्शन संतत. तरी तो बिंदू गुळगुळीत नाही. दोन्ही अक्षांवरचे हीर सपाट, ४० अंशांवरचा चढा, तेव्हा तिथे स्पर्शप्रतल बसत नाही. ते विकलनाचं प्रकरण, माझ्या विषयाच्या कुंपणापलीकडचं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

मॅडमनी आज जे सांगितलं त्याने २१ सप्टेंबरची माझी लाज थोडी कमी झाली. कोशी, ज्याच्या नावाने अर्धं कलनशास्त्र चालतं, त्याने १८२१ साली छापलेल्या पुस्तकात विधान केलं होतं की फंक्शन एकेका चलात संतत असेल तर ते सगळ्या चलांत मिळूनही संतत असतं. माझा हिरांचा नमुना ते खोटं पाडतो: आरंभबिंदूला ० किंमत द्या, दोन्ही अक्षांवर सगळं शून्य, एकेका चलात काही तक्रार नाही, आणि तिरप्या रेषेवर १. चूक छापील उदाहरणाने दाखवली गेली ती १८७० च्या सुमारास, जर्मनीत. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं.

आणि सरळ रेषांची फसवणूक १८८४ साली ट्यूरिनला पंचविशीतल्या पेआनोने दाखवली, आपल्या गुरूच्या, जेनोक्कीच्या, व्याख्यानांना जोडलेल्या टिपांमध्ये. त्याचं फंक्शन क्ष·य² / (क्ष² + य⁴). क्ष आणि य यांची अदलाबदल केली की आमचा पडलेला डोंगर. नानांना सांगितलं. ते म्हणाले, "त्याने मातीत केला होता का?"

नाही. कागदावर.

"मग बरोबर."

१४ ऑक्टोबर, मंगळवार

नवा तुकडा नानांनी गेल्या आठवड्यात माझ्या नकळत केला होता, शाडूत काथ्या घालून. भिंत ह्या वेळी उभी राहिली. सावलीत वाळवली. आज पाहिलं तर मधोमध, आरंभबिंदूपाशी, दोन्ही धारांची टोकं गळून पडलीत. बाकी कुठे चीर नाही.

नाना म्हणाले, पुटीन भरून रंग मारतो, कुणाला कळणार नाही. भरलं तर तिथे एक उंची ठरेल. कुठली भरायची? शून्य, की सहा, की मधली कुठली? मी नको म्हटलं. पट्टी लावून मोजलं: डावीकडे १४ मिलिमीटर, उजवीकडे १६. चिठ्ठी चिकटवली: "इथून आत सुमारे १.५ सेंटिमीटर माती टिकली नाही. तारेने आत येऊन पाहा." शेजारी य = क्ष² च्या आकारात वाकवलेली तांब्याची तार, सहा सेंटिमीटर उंचीवर, आरंभबिंदूच्या वर येऊन हवेत संपणारी. तिच्याखाली पाटावर सपाट ठेवलेली दुसरी तार, य-अक्षावरून येणारी, शून्य उंचीची. दोघींची टोकं एकाच जागी, सहा सेंटिमीटरच्या फरकाने.

उद्या सकाळच्या गाडीने न्यायचे. साळिंदर मांडीवर, हिरांचं चाक वर रॅकला बांधून, माती धाकटीकडे. उरलेले चार हीर आजीला परत केले. तिने खराटा मुठीत धरून बघितला आणि झावळ कधी पडतेय ते बघायला आगरात गेली.